खोटे चित्र आणि खरे स्वप्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मी छायाचित्रकार नव्हे, की कलासमीक्षकही नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढलेला मी एक साधा बी. ए. आहे. तरीही आज संगणकावरील चित्रांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगाने मला या विषयाचा विचार करावयास लाविले.

माझी कन्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना निरनिराळी छायाचित्रे जोडून अतिवास्तव चित्रे करावयास शिकू लागली. ढगांतून जाणारी आगगाडी, चहाच्या पेल्यात बुडालेला डोंगर, असले काहीतरी ती रात्र रात्र जागून करी. माझ्या सहीने आजवर हजारो सत्यप्रती प्रमाणित झाल्या असतील. जसे मूळ तशी प्रत, हा माझा धर्म! मी रागावून म्हणालो, "हा खोटेपणा शिकण्यात वेळ कशाला दवडतेस?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, एकदा जवळ बसून बघा तरी."

मी बसलो. आमचे कोकणातले घर 2009 साली विकले गेले. त्याचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र तिने संगणकात घेतले होते. त्या घराच्या ओसरीवर तिला समुद्र आणावयाचा होता. समुद्र मात्र पुरीचा. आम्ही सहलीला गेलो असताना पहाटे टिपलेला. फोटोशॉपमध्ये प्रत्येक चित्र पारदर्शक कागदासारखे एकावर एक ठेविता येते; त्याला लेयर म्हणतात. नको तो भाग खोडावयाचा नाही, मास्कने झाकावयाचा. काळ्या रंगाने लपतो, पांढऱ्याने पुन्हा प्रकट होतो. पहिल्या प्रयत्नात समुद्र घरावर चिकटविल्यासारखा दिसला. घरावर ऊन डावीकडून पडलेले, तर समुद्रावरचा सूर्य उजवीकडे. तेव्हा तिने समुद्राचे चित्र आरशातल्यासारखे फिरविले, त्याचे रंग काढले आणि जुन्या फोटोचा दाणेदारपणा त्याला दिला. तरीही काही उणे वाटे. दोन दिवसांनी तिच्या ध्यानात आले, की पाण्यात खांबांचे प्रतिबिंबच नाही! मग खांबांची नक्कल उलटी करून, फिकी करून, तिला लाटांची थरथर दिली. आणि पाणी खरोखरच ओसरीवर चढले.

ही कला संगणकाने जन्माला घातली, असे मी समजत होतो. तो माझा भ्रम होता. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने 1858 साली पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र केले होते. अमेरिकेतील जेरी युल्समन यांनी अंधारखोलीत अनेक एन्लार्जर मांडून, एकाच कागदावर अनेक निगेटिव्ह उतरवून स्वप्नवत् चित्रे घडविली. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि लेयरची सोय त्यात 1994 साली झाली. आपले दादासाहेब फाळके तर बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार म्हणजे कॅमेऱ्याच्या युक्त्याच होत्या. ही परंपरा कळल्यावर माझा राग ओसरला. किंबहुना मी जरा जास्तच खूष झालो, आणि तेथेच आम्ही चुकलो.

माझ्या पुतण्याचे लग्न झाले. त्याच्या सहा वर्षे आधी माझे वडील निवर्तले होते. नातलगांनी गळ घातली, की आजोबांना लग्नाच्या फोटोत बसव. तिने तेही केले. उजेड जुळला, सावली जुळली, सांधा कोठे दिसेना. सत्यप्रतींवर सही करणारा मी; पण त्या चित्राला पहिली शाबासकी माझीच होती!

फोटो भिंतीवर लागला. माझी आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. विसरभोळेपणा नुकताच सुरू झालेला. ती फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे लग्नाला आले होते? मग मला कसे आठवत नाही?" आम्ही समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आपली स्मृती आपल्याला सोडून चालली आहे, या भीतीने ती रडू लागली. तिच्याबरोबर माझी मुलगीही रडली. त्याच संध्याकाळी तिने तो फोटो उतरविला.

काही दिवसांनी तिने भीतभीतच ओसरीवरच्या समुद्राचे चित्र आजीपुढे धरले. आईने चष्मा सारखा केला आणि चक्क हसली. "अगं, झोपाळा भिजेल की!" समुद्र पुरीचा, सूर्योदयाचा आहे, असे नातीने सांगताच म्हणाली, "आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. तो समुद्रातून उगवायचा म्हणजे स्वप्नातच!" मग ती तासभर त्या घराविषयी बोलत राहिली. माजघरातला अंधार, विहिरीचा रहाट, पावसाळ्यापूर्वी शाकारणी, सारे तिला आठवत होते.

मित्रहो, त्या दिवशी मला उमगले, की मी खोटेपणा भलत्याच ठिकाणी शोधीत होतो. घरात समुद्र शिरलेले चित्र कोणाला फसवीत नाही. ते "मी स्वप्न आहे" असे सांगूनच समोर येते. फसविते ते चित्र, जे स्वतःला सत्यप्रत म्हणविते. कौशल्य दोन्हींत तेच. फरक करणाऱ्याच्या सचोटीचा. माझी कन्या आता कोणाच्या आग्रहाने जोडचित्र केलेच, तर ते जोडचित्र असल्याचे त्यावर स्पष्ट लिहिते.

आपण गावापासून दूर राहणारी माणसे. आपल्या मुलांना आपण जे गाव सांगतो, तेही थोडेसे जोडचित्रच असते. चांगले तेवढे पुढे ठेवितो, नको ते झाकितो. त्यात पाप नाही. मात्र कधीतरी त्यांना सांधाही दाखवावा. घर का विकले, कोण दुखावले, हेही सांगावे. मग आपल्या स्वप्नावर ती अधिक विश्वास ठेवतील.