पहिलटकरणीच्या कळा : खऱ्या आणि खोट्या

खानदेशातून सुरतेच्या यंत्रमागांवर आलेली असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यात आजही आहे. मात्र पहिलटकरीण नवव्या महिन्यात सुरत-भुसावळ गाडीने निघाली आणि कळा वाटेतच सुरू झाल्या, तर मदत मिळणे कठीण. माहेरी जावयाचे तर पुष्कळ आधी जावे. अन्यथा सुरतेतच नाव नोंदवावे.

खोट्या कळा अनियमित असतात. विश्रांतीने किंवा चालण्याने ओसरतात. खऱ्या कळा बहुधा कमरेतून पोटाकडे येतात, पोट दगडासारखे कठीण होते आणि दोन कळांतील अंतर घटत जाते. पहिल्या खेपेस बारा तास किंवा अधिकही लागतात. म्हणून कळा पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकू लागल्या की निघावे. रुग्णालय दूर असल्यास त्याआधीच. अंतर घड्याळावर मोजावे, अंदाजावर नव्हे. रक्तमिश्रित चिकट स्राव दिसल्यावर मात्र कळांना काही दिवसही लागू शकतात.

पाणमोठ फुटल्यास कळा नसल्या तरी रुग्णालय गाठावे. पाणी हिरवट असणे, ताजे रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके दुखून अंधारी येणे, ३७ आठवड्यांपूर्वी कळा येणे, यांपैकी काहीही झाल्यास क्षणाचा विलंब नको; मग घरातील वडीलधाऱ्या ‘पहिल्या खेपेस असे होतेच’ म्हणोत.

गुजरातेत २००७ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. शासकीय रुग्णालयातील प्रसूती २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य असते. निघताना ममता कार्ड सोबत घ्यावे.