पायाखालचा ठेका

आम्ही चाकणच्या एका भजनी मंडळातल्या बाया. आमच्यातल्या निम्म्या जणी एमआयडीसीत पाळीवर जातात, त्यामुळे सोळा जणींचं मंडळ गुरुवारी सहा-सात जणींवर येतं. पेटी असते, पखवाज असतो, पण मागून ध्रुपद उचलायला आवाज पुरत नाहीत. म्हणून यंदा आम्ही लूपर वापरून पाहिला.

लूपर म्हणजे शिलाई मशीनच्या पायडलसारखं पायाने दाबायचं छोटं यंत्र. एकदा दाबलं की ते आवाज टिपायला लागतं, पुन्हा दाबलं की टिपलेलं तिथंच परत परत वाजवतं. त्यावर दुसरा आवाज चढवता येतो, मग तिसरा. इंग्लंडचा एड शीरन हा गायक एक गिटार आणि असं यंत्र घेऊन एकटाच मोठमोठे कार्यक्रम करतो. ३० जानेवारी २०२५ ला तो पुण्यात गाऊन गेला. बँडवाली पोरंही हे वापरतात.

कुणी म्हणेल, मग हे कॅसेट लावण्यासारखंच की! तसं नाही. कॅसेट घरून भरून आणतात. इथे जे वाजतं ते लोकांसमोर, आत्ता गायलेलं असतं.

सगळी मेख समेवर आहे. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. समेवर पाय पडला तर ठेका नीट फिरतो, जरा उशीर झाला तर तो प्रत्येक फेरीत लंगडतो, आणि लोकांना ते लगेच कळतं. म्हणून आधी पंधरा दिवस यंत्राशिवाय, नुसत्या टाळीवर पाय आपटून सराव करा. दुसरं, भजन रंगात आलं की आपण लय वाढवतो. साधा लूपर मात्र टिपलेल्या लयीतच राहतो. तेव्हा तो सुरुवातीला, संथ लयीतच ठेवायचा. लय चढवायची वेळ आली की बंद करायचा आणि टाळांनी पुढं न्यायचं. ती जागा आम्हाला सगळ्यात आवडते.

आमच्या थोरल्या टाळकरी आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आता माझं काय काम गं?" त्यावर दोन बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी ठरलं, टाळ यंत्रात घालायचे नाहीत. यंत्रात आवाज साठवूनही ठेवता येतो, पण जी आली नाही तिचा साठवलेला आवाज वाजवायचा नाही. नाहीतर उद्या सुपारी देणारेच म्हणतील, तिघीच या, बाकीच्या पेटीत आहेतच!

घ्यायचाच असेल तर माइक जोडता येतो का ते आधी विचारा, काही लूपर गिटारपुरतेच असतात. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा, नाहीतर वाजणारं पुन्हा आत शिरतं आणि नुसता कल्ला होतो. आणि लाइट गेली तर? आजींचे टाळ आहेत.