हळदीचा सूर्य



‘बालशिक्षणात कला आणि विज्ञान’ हे आजच्या विषयाचे नाव भारदस्त आहे खरे, पण त्याचे सारे भांडवल आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे.

गेल्या महिन्यात माझ्या पाच वर्षांच्या नातीने हळद पाण्यात कालवून बोटाने कागदावर सूर्य काढला. साबणाचा ओला हात तिने त्यावर टेकला मात्र, पिवळा सूर्य तांबडा झाला! “आबा, सूर्य मावळला!” ती ओरडली. मी पडलो जन्मभर विज्ञान शिकविलेला मास्तर. आम्ल, अल्कली, दर्शक असे सारे सांगू लागलो. माझे व्याख्यान संपण्यापूर्वीच श्रोता उठून गेला. (आपण तसे करणार नाही, अशी आशा आहे.)

तिने चित्र काढता काढता प्रयोग केला होता. मी त्यातले चित्रच काढून घेतले. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे लिंबाची फोड ठेवली आणि तोंड मिटून बसलो. रस लागला तसा सूर्य पुन्हा उगवला. चिंचेच्या पाण्यानेही उगवतो, हे तिने स्वतःच शोधले.

हळदीतले कर्क्युमिन अल्कलीने तांबडे होते, आम्लाने परत पिवळे. हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मात्र मुलांच्या हाती चुना देऊ नका, तो डोळ्यांत गेला तर फार घात करतो, साबण पुरे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली ते काम कोसबाडला गेले. महागड्या मॉंटेसरी साधनांच्या जागी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे घेतले. मग सोलापुरातल्या आईने खेळण्यांच्या दुकानात का जावे?

आपण म्हणाल, कपड्यांवरच्या डागांचे काय? हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि सोलापुरात उन्हाला काय तोटा! आम्ही एक चित्र अर्धे झाकून गच्चीवर ठेवले. उघडा भाग फिका पडला, झाकलेला पिवळाच राहिला.

“आबा, उडालेला पिवळा कुठे गेला?” नातीने विचारले.

उत्तर जिभेवर आले होते. मी तिलाच विचारले, “तुला काय वाटते?” ती अजून विचार करते आहे. काल तिने दुसरे चित्र उन्हात ठेवले. या खेपेला बशीतले पाणीही शेजारी आहे.