‘मी’ म्हणूं लागलेलें मूल



घरांतल्या सर्वांत लहान माणसाविषयीं आज बोलावयाचें आहे. हें माणूस दीड वर्षाच्या पुढचें आणि तीन वर्षांच्या अलीकडचें. दाराच्या कडीपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं, पण घराचें सारें वेळापत्रक तेंच ठरवितें. पाळण्यांतल्या बाळाचें कौतुक करणारीं गाणीं आपल्या भाषेंत पुष्कळ आहेत. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या अभ्यासाविषयीं पुस्तकेंहि पुष्कळ आहेत. मधल्या या काळाला मात्र आपण ‘हट्टाचें वय’ असें एक नांव देऊन मोकळे होतों आणि तें केव्हां एकदां सरतें याची वाट पाहतों. ‘हट्ट’ या शब्दाखालीं जें झांकलें जातें तें काय आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सकाळचे साडेआठ वाजले आहेत अशी कल्पना करा. कुकरची शिटी होत आहे, डबे भरले जात आहेत, कोणाला लोकल गांठावयाची आहे, कोणाला बस. आणि दाराशीं बसलेलें मूल डाव्या पायाची चप्पल उजव्या पायांत घालण्याच्या उद्योगांत गढून गेलें आहे. आई वांकते आणि एका क्षणांत दोन्ही चपला नीट घालून देते. झालें! मूल चपला भिरकावतें, जमिनीवर लोळण घेतें आणि सारा जिना दणाणून सोडतें. लिफ्टचें बटण बाबांनीं दाबलें तरी हाच प्रकार. केळें आजीनें सोलून दिलें तरी हाच प्रकार. आणि सोलतांना तें मधेंच मोडलें असेल तर विचारावयासच नको. वडील माणसांना प्रश्न पडतो कीं, यांत रडण्यासारखें झालें तरी काय? चपला पायांत आल्या, केळें हातांत आलें!

मुलाच्या बाजूनें पाहिलें तर याचें उत्तर सोपें आहे. त्याला केळें हवें होतेंच. पण त्याहूनहि अधिक, तें सोलावयास हवें होतें. आपली दृष्टि कामाच्या शेवटावर असते, त्याची कामावर असते. फळाची आशा न धरतां कर्म करावें, हा उपदेश आयुष्यांत ज्या एका वयांत कोणालाहि करावा लागत नाहीं, तें हें वय होय. आपण त्याचें काम हिरावून घेतों, आणि वर त्यालाच हट्टी म्हणतों.

हें वय एकाएकीं येत नाहीं; त्याची तयारी आधींपासून चाललेली असते. पदराआड तोंड लपवून ‘बुवाऽऽ कुक’ करण्याचा खेळ प्रत्येक घरांत होतो. झां पियाजे या स्विस शास्त्रज्ञानें स्वतःच्या मुलांकडे बारकाईनें पाहून दाखवून दिलें कीं, अगदीं लहान मुलासमोर खेळणें फडक्याखालीं झांकलें तर तें शोधीतच नाहीं. जणूं तें नाहींसेंच झालें. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास तें फडकें ओढूं लागतें. दिसत नसलें तरी वस्तु आहे, हें ज्ञान त्याला झालेलें असतें. आई स्वयंपाकघरांत गेली कीं रडणें सुरू होतें तें याच दिवसांत. ती दिसत नाहीं, पण कोठें तरी आहे, हें आतां त्याला कळतें. म्हणूनच ती हवी असते.

यापुढची पायरी स्वतःची. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बूला अ‍ॅमस्टरडॅम यांनीं १९७२ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाच्या नाकाला त्याच्या नकळत रंगाचा ठिपका लावावयाचा आणि त्याला आरशासमोर उभें करावयाचें. वर्षाच्या आंतलें मूल आरशांतल्या मुलाकडे पाहून हंसतें, त्याच्याशीं खेळूं लागतें, फार तर आरशाच्या मागें कोण आहे तें शोधतें. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मात्र त्याचा हात आरशाकडे न जातां आपल्या नाकाकडे जातो. समोर दिसतें आहे तें मीच, हें त्याला उमगलेलें असतें. तीट लावण्याची चाल ज्या घरांत अजून आहे त्या घरीं हा प्रयोग कोणत्याहि साधनावांचून करून पाहतां येईल.

याच सुमारास भाषेंत एक मौज घडते. आई मुलाला ‘तूं’ म्हणते, म्हणून मूलहि कित्येकदां स्वतःला ‘तूं’च म्हणतें, ‘तुला पाणी हवं’ म्हणजे मला पाणी हवें. कधीं तें स्वतःचा उल्लेख नांवानें करतें, एखाद्या तिऱ्हाइताविषयीं बोलावें तसें. ‘मी’ हा शब्द शिकणें सोपें नाहीं. ‘कावळा’ म्हटलें कीं प्रत्येकाच्या तोंडीं तो कावळाच राहतो. पण ‘मी’ मात्र बोलणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर बदलतो. ही अवघड गांठ मूल कोणीं न शिकवितां सोडवितें, आणि एके दिवशीं चप्पल हातांत घेऊन ‘मी! मी!’ असें ओरडतें. आपण त्या वेळीं घड्याळाकडे पाहत असतों, म्हणून आपल्याला त्यांत केवळ आरडाओरडा ऐकूं येतो.

‘मी’च्या पाठोपाठ ‘नको’ येतो. ‘जेवायला चल’, ‘नको’. ‘अंघोळ करूं’, ‘नको’. ‘लाडू देऊं?’ यालाहि ‘नको’, आणि दुसऱ्याच क्षणीं लाडवासाठीं हात पुढें! हा नकार पुष्कळदां वस्तूला नसतोच. माझी इच्छा तुमच्या इच्छेहून निराळी असूं शकते, हा शोध नुकताच लागलेला आहे आणि तो पुन्हा पुन्हा ताडून पाहिला जात आहे, इतकाच त्याचा अर्थ. आज्ञा केली तर उत्तर ‘नको’ असें येणारच. निवड करावयास दिली तर बहुधा येत नाहीं. ‘सदरा घाल’ असें म्हणण्याऐवजीं ‘लाल घालायचा कीं निळा?’ असें विचारून पाहावें. सदरा घातला जाणार, हें आपण ठरविलेलें असतें; कोणता, तें त्यानें ठरवावें. दोन माणसांचा मान राहतो आणि काम होतें.

आतां कोणी म्हणेल, मुलाला समजावून सांगितलें तर त्यानें ऐकूं नये काय? येथें शरीरशास्त्राचा विचार केला पाहिजे. मनाची ऊर्मि आवरण्याचें काम मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतें. त्याची वाढ वयाच्या विसाव्या वर्षानंतरहि चालू राहते. दोन वर्षांच्या मुलाच्या ठिकाणीं इच्छा पूर्ण वेगानें धांवत असते आणि लगाम मात्र नुकता वळूं लागलेला असतो. शिवाय मनांत जें आहे तें सर्व सांगण्याइतके शब्दहि त्याच्यापाशीं नसतात. अशा वेळीं जमिनीवर लोळणारें मूल आपल्याला छळीत नसतें. तें स्वतःच वादळांत सांपडलेलें असतें. त्याला त्या क्षणीं व्याख्यान उपयोगी नाहीं. शेजारीं बसलेलें शांत माणूस उपयोगी आहे. वादळ ओसरल्यावर दोन शब्द सांगावे. तेव्हां ते ऐकले जातात.

मुलाला स्वतः करूं द्यावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तेव्हां मुलांच्या उंचीच्या खुर्च्या आणि टेबलें त्यांनीं करवून घेतलीं. पाणी ओतणें, गुंड्या लावणें, केर काढणें हाच मुलांचा अभ्यास ठरविला. १९३९ सालीं त्या मद्रासला आल्या आणि युद्धाचीं वर्षें त्यांनीं या देशांतच काढलीं. त्याच्याहि पूर्वीं, १९२० सालीं, गिजुभाई बधेका यांनीं भावनगरला बालमंदिर सुरू केलें होतें. तेथें त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी या गांवीं काम उभें केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढें १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महाग साधनांच्या जागीं तेथें शिंपले, खडे, बिया, पानें आलीं. पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जावें, हें त्या अंगणानें शिकविलें.

शहरांतल्या दोन खोल्यांच्या घरालाहि हा धडा गिरवितां येण्यासारखा आहे. मोरीपाशीं एक बुटकें स्टूल, मुलाचा हात पोंचेल अशी एक खुंटी, अर्धाच भरलेला लहान पेला, आणि सांडलेलें पाणी पुसावयास त्याचें स्वतःचें एक फडकें, साहित्य एवढेंच. खरी अडचण साहित्याची नाहीं, वेळेची आहे. चप्पल घालावयास आईला पांच सेकंद लागतात, मुलाला पांच मिनिटें. हीं पांच मिनिटें जर रोजच्या हिशेबांत धरलींच नसतील, तर तीं रोज मुलाकडून ओरबाडून घ्यावीं लागतात, आणि त्याची भरपाई रडण्यांत होते. म्हणून घरांतून निघण्याची वेळ ठरवितांना मुलाच्या चपलांची वेळहि धरावी. सगळींच कामें त्याला करूं देणें शक्य नसतें. पण दिवसांतलीं दोन कामें अशीं असावीं कीं जीं त्याचींच आहेत आणि ज्यांत कोणी हात घालणार नाहीं.

याचा अर्थ मूल म्हणेल तें चालावयाचें, असा मात्र कोणीं करूं नये. गॅसची शेगडी, सज्जाचा कठडा, औषधांचा डबा, पाण्यानें भरलेली बादली, रहदारीचा रस्ता, यांच्या बाबतींत ‘नाहीं’ म्हणजे ‘नाहींच’. हे नकार थोडे असावे, म्हणजे त्यांना वजन राहतें. दिवसांतून पन्नास वेळां ‘नाहीं’ ऐकणाऱ्या मुलाला एकावन्नाव्या वेळचें ‘नाहीं’ हें जीव वांचविणारें आहे, हें कसें कळावें? आणि ते सर्वांचे एकच असावे. आईनें नाकारलेली गोष्ट आजोबांनीं गुपचूप दिली, तर मूल आजोबांचें प्रेम शिकत नाहीं. रडलें कीं कायदा बदलतो, एवढें शिकतें. ‘बुवा येईल’, ‘पोलीस धरून नेतील’ अशी भीति घालून काम भागतें खरें. पण ज्याला नुकताच आपला ‘मी’ सांपडला आहे, त्याला तो जपण्यासाठीं लपावयास शिकविणें ही मोठी किंमत आहे. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनींहि भय आणि लालूच हीं दोन्ही हत्यारें बाजूस ठेवलीं, तीं याचसाठीं.

लालूच आज नव्या रूपानें घरांत आली आहे. घास भरवितांना पूर्वीं चिऊकाऊ दाखवीत. आतां मोबाईल दाखवितात. फरक असा कीं, चिऊ खिडकीवरून उडून जाते आणि मूल पुन्हा ताटाकडे व आईच्या तोंडाकडे पाहतें. मोबाईलवरचें चित्र उडून जात नाहीं. तोंड आपोआप उघडतें, घास जातो, आणि भूक लागली कीं भागली हें ज्याचें त्याला कळेनासें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें, दोन वर्षांच्या आंतील मुलाला पडद्यासमोर बसवूंच नये. त्यापुढें पांच वर्षांपर्यंत दिवसाकांठीं एका तासाहून अधिक नको. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास झोंप हवी, आणि निदान तीन तासांची धांवपळ हवी, असेंहि त्याच सल्ल्यांत आहे. संध्याकाळचे हट्ट कित्येकदां हट्ट नसतातच. ती न मिळालेली झोंप असते.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ च्या कायद्यानें नोकरी करणाऱ्या मातेची सवेतन रजा, पहिल्या दोन अपत्यांपुरती, १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. तें योग्यच झालें. पण मुलाचा ‘मी’ उगवतो तो दीड वर्षाच्या सुमारास. तोंवर अशा मातेला कामावर जाऊं लागून वर्ष उलटलेलें असतें. म्हणजे ज्या काळांत मुलाला सर्वांत अधिक धीराची गरज, त्या काळांत घरांतलीं माणसें सर्वांत अधिक घाईंत असतात. हा धीर एकट्या आईनें कोठून आणावा? तो वांटून घेतला पाहिजे. बाबांनीं सकाळच्या चपला सांभाळाव्या, आजीनें दुपारचें केळें सोलूं द्यावें, पाळणाघरांतल्या ताईंनाहि मूल काय काय स्वतः करतें तें सांगून ठेवावें. एकाच घरांत एकाच मुलासाठीं चार नियम नसावे, इतकें जरी साधलें तरी पुष्कळ झालें.

मूल तीन वर्षांचें होईल, चपला आपोआप सरळ पायांत जाऊं लागतील, लिफ्टचें बटण कोणीं दाबलें याची त्याला पर्वा राहणार नाहीं. हे दिवस जातातच. जातांना ते मुलापाशीं दोहोंपैकीं एक ठेवून जातात: ‘मला येतें’ असा विश्वास, किंवा ‘मला कोणी करूं देत नाहीं’ अशी खंत. यांतलें कोणतें मागें राहावें, हें दाराशीं खोळंबलेल्या त्या पांच मिनिटांत ठरत असतें.