बैठ्या कामाचे ओझे



आवणी करून आलेल्या बाईने कंबर धरली, तर तिला कोणी हसत नाही. खोपोलीच्या कारखान्यात ओझी उचलून एखाद्याचा खांदा गेला, तर तेही आपल्याला समजते. पण कर्जतहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा, दिवसभर संगणकापुढे बसणारा कारकून मान धरून घरी आला, की आपण म्हणतो, "खुर्चीत बसून काय दुखते?" या प्रश्नाचे उत्तर आज द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

पाण्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरून पाहा. वजन ते किती! पण थोड्याच वेळात दंड भरून येतो. स्नायू आखडलेला राहिला, की त्यात रक्त मोकळे खेळत नाही. माणसाचे डोके सुमारे 5 किलोचे. ते पडद्याकडे झुकवून तासन् तास बसणे म्हणजे तो तांब्या धरून बसणेच होय. हे दुखणे संगणकाने आणलेले नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी 1713 साली लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. टाक गेला, कळफलक आला. कारणे तीच राहिली.

उपाय साधे आहेत. पाठीला टेकू असावा. पाय जमिनीवर टेकावेत. न टेकले तर खाली पाट घ्यावा. कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट सरळ, पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. माऊस कळफलकाला लागूनच ठेवावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर बाम चोळीत बसू नये. वेळीच डॉक्टरांना दाखवावे.

परंतु खुर्ची कचेरीची आणि वेळ साहेबाची! एकट्याने उठावे, तर कामचुकार ठरतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती 1890 साली. तीही एकट्यादुकट्याने मागून मिळाली नाही. आपल्या राज्याच्या 2017 सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली गेली. 2025 साली सरकारने त्या पाचाचे सहा करण्याचे ठरविले. मनगट मात्र तासाभरातच कुरकुरू लागते! युरोपातील बारा राष्ट्रांच्या समुदायाने 1990 सालीच नियम केला, की पडद्यावरच्या कामात मधूनमधून खंड असलाच पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : कर्जत-खालापूरच्या ज्या मुलामुलींना जाता-येता चार तास गाडीत काढावे लागतात, त्यांनी दुखणे लपवू नये. कचेरीतल्या चौघांनी मिळून लेखी मागणी करावी : उंची कमीजास्त होणारी खुर्ची आणि तासातून पाच मिनिटांची मोकळीक. आणि घरच्यांनी निदान हसू नये. न दिसणारे ओझेही ओझेच असते.