वाटा वाढतात तेव्हा रोध घटतो



रोध म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा. मग एका अडथळ्याशेजारी दुसरा अडथळा जोडल्यावर एकूण अडथळा कमी कसा होतो? समांतर जोडणी शिकताना हा प्रश्न ज्याला पडतो, तो विद्यार्थी योग्य वाटेवर आहे असं मी समजतो. सूत्र पाठ करणाऱ्यांना तो बहुधा पडतच नाही.

तारेपासून सुरुवात करू. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या दोन तारा एकमेकींना खेटून ठेवा आणि त्यांची टोकं जुळवा. वीज एका टोकाने आत जाते, दोन्ही तारांतून वाहते आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. काटछेदाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं. क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे रोध निम्मा. समांतर जोडणीचं मूळ एवढंच आहे. त्याच दोन तारा एकापुढे एक जोडल्या, तर लांबी दुप्पट होते आणि रोधही दुप्पट. ती झाली एकसर जोडणी.

आता दोन्ही रोध वेगवेगळे घेऊ. एक ३ ओहमचा, दुसरा ६ ओहमचा, आणि दोन्ही ६ व्होल्टच्या बॅटरीला समांतर जोडलेले. प्रत्येकाच्या दोन टोकांमध्ये पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. शेजारी कोण आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तीन ओहमच्या रोधातून २ अँपिअर जातात, सहाच्या रोधातून १ अँपिअर. बॅटरीला एकूण ३ अँपिअर पुरवावे लागतात. आता बॅटरीच्या बाजूने पाहा: ६ व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे समोरचा एकूण रोध २ ओहम. दोघांतल्या लहानाहूनही लहान. आपण सूत्र वापरलंच नाही, फक्त धारांची बेरीज केली.

पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं, फक्त उलट बाजूने. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश म्हणजे एक द्वितीयांश. तो अपूर्णांक उलटवला की २ ओहम. हे शेवटचं उलटवणं परीक्षेत हमखास राहून जातं आणि उत्तर अर्धा ओहम लिहिलं जातं. उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षा मोठं आलं, तर गणित नक्की चुकलं. पण अर्धा ओहम त्या कसोटीलाही उतरतो, म्हणून धारा मोजून पडताळा घ्यावा.

या छोट्याशा गणिताने विजेच्या इतिहासात मोठं काम केलं आहे. एडिसनच्या आधी रस्त्यांवर जे प्रखर आर्क दिवे लागत, ते बहुतेक एकसर जोडलेले असत. घराघरांत प्रत्येकाला आपापला दिवा हवा तेव्हा लावता आणि विझवता यायचा, तर जोडणी समांतरच हवी. पण समांतर जोडणीत दिवे वाढत जातात तसा एकूण रोध घसरतो, धारा वाढते आणि ती वाहायला तांब्याच्या जाडजूड तारा लागतात. शहरभर तेवढं तांबं पुरायचं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. एडिसनने काढलेली तोड मला त्याच्या दिव्याइतकीच मोलाची वाटते: दिव्यातल्या तंतूचाच रोध वाढवायचा. १८८२ च्या ४ सप्टेंबरला न्यू यॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं, ते सुमारे ११० व्होल्टचं होतं. समजा, एका दिव्याचा रोध १४० ओहम आहे. असे ४०० दिवे समांतर जोडले की एकूण रोध उरतो ०.३५ ओहम आणि धारा होते सुमारे ३१४ अँपिअर. तेवढीच शक्ती घेणारा दिवा १ ओहमचा असता, तर ४०० दिव्यांना साडेतीन हजारांहून अधिक अँपिअर लागले असते.

आपल्या घरातही तेच घडतं. २३० व्होल्टवर चालणारी १००० वॉटची इस्त्री साधारण ५३ ओहमची, २००० वॉटची इलेक्ट्रिक शेगडी साडेसव्वीस ओहमची. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्या की एकूण रोध सुमारे साडेसतरा ओहम आणि धारा १३ अँपिअर. त्यात १५०० वॉटची किटली लावली, की रोध १२ ओहमच्याही खाली येतो आणि धारा साडेएकोणीस अँपिअरवर जाते. घरातलं मोठं सॉकेट साधारण १६ अँपिअरचं असतं. इथे धोका असा की इस्त्रीला काही कळत नाही, शेगडीलाही नाही. तिन्ही उपकरणं नेहमीसारखी व्यवस्थित चालतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे.

ताण पडतो तो बोर्डापर्यंत येणाऱ्या तारेवर. उपकरणं एकमेकांना समांतर आहेत, पण ही तार त्या सगळ्यांशी एकसर जोडलेली आहे. तिघांची धारा तिच्यातून जाते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दीडपट झाली की उष्णता सव्वादोनपट. प्लास्टिकचं आवरण मऊ पडतं, पिनेजवळ जळकट वास येतो. अशा वेळी बोर्ड बदलून भागत नाही, भार वेगवेगळ्या सर्किटवर वाटावा लागतो. धारा मर्यादेबाहेर गेली की वीज तोडणारा एमसीबी किंवा फ्यूज फाटे फुटण्याआधी, फेजच्या तारेत एकसर बसवतात तेही याचसाठी: सगळ्या फाट्यांची मिळून होणारी धारा फक्त तिथेच मोजता येते. त्यामुळे, एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी जास्त अँपिअरचा बसवून देतो म्हणाला, तर त्याला आधी विचारा, भिंतीतली तार तेवढी धारा सोसणारी आहे का.