दोन दिवस समुद्राकाठी

मुंबईसारख्या शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षातून मोकळे दिवस थोडेच मिळतात. मुलांना सुटी असते तेव्हा वडिलांना नसते. दोघांनाही असते तेव्हा घरात पाहुणे असतात. मग मनात येते, लांबचा प्रवास नको, दोन दिवस समुद्राकाठी जाऊन यावे. तुमच्यापैकी पुष्कळांचा मुलगा, भाऊ नाहीतर पुतण्या मुंबईला असेल. तुम्ही त्याच्याकडे गेलात म्हणजे तोही म्हणतो, “आलाच आहात तर अलिबागला जाऊन येऊ.” अशा छोट्या सहलीचा बेत कसा आखावा, एवढेच आज मी तुम्हांला सांगणार आहे.

अलिबागला जाण्याच्या वाटा दोन. एक खुष्कीची. पेण, वडखळ करीत एस. टी. तुम्हांला तेथे पोचवते. अंतर सुमारे 100 किलोमीटर. सुट्ट्यांच्या दिवसांत मात्र रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दुसरी वाट पाण्याची. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचमध्ये बसावे, तासाभरात मांडवा येते आणि तेथून बसने अलिबाग. 2020 सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोटही जाते. तीत माणसांबरोबर मोटारीही चढतात. पावसाळ्यात लाँचची वाहतूक बंद असते. म्हणून दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस या सहलीला उत्तम. सामान बेताचे घ्यावे, मुक्कामाची जागा आधी ठरवावी आणि दोन दिवसांत चार गावे करण्याचा हव्यास धरू नये. एवढे केले की बेत झाला, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची पाच माणसे अलिबागला गेलो. बरोबर माझी आई होती. ती माणदेशातली. जन्म दुष्काळी मुलखात गेलेला. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. पहाटेच निघालो आणि सव्वाआठाला अलिबागेत पोचलो. खोली घेतली, सामान टाकले, चहापोहे झाले आणि दहाच्या पुढे सावकाश किनाऱ्यावर आलो. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा. शिवाजीमहाराजांनी 1680 मध्ये त्याचे काम सुरू करविले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. चारी बाजूंना खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याचा साठा आहे आणि गणपतीचे देऊळही आहे. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येते, हे मी वाचलेले होते. पाणी घोट्याएवढेच दिसत होते. मी दोन्ही मुलांचे हात धरले आणि पाण्यात शिरलो.

मागून एका म्हाताऱ्या कोळ्याने हाक मारली. तो वाळूत जाळे सांधीत बसला होता. मला काही न विचारता त्याने आईला विचारले, “आजी, आज तिथ कोणती?”

आई म्हणाली, “वद्य तीज. उद्या संकष्टी हाय न्हवं!”

“मग भरती सव्वादोनला. पाणी केव्हाच फिरलं,” तो मला म्हणाला. “आता जाल साहेब, पण येताना पाणी गळ्याशी येईल. मग रात्री साडेआठपर्यंत पोरांना घेऊन किल्ल्यातच बसा.”

मी मुकाट्याने मागे फिरलो. तासाभराने पाहतो तो आम्ही उभे होतो तेथे माणूस बुडेल एवढे पाणी! किल्ल्याची वाट उघडी होती ती आम्ही पोह्यांची वाट पाहत होतो तेव्हा. शाळा-कॉलेजात तीस वर्षे घालविलेल्या माणसाला आजची तिथी ठाऊक नव्हती; उपासतापास सांभाळणाऱ्या माझ्या आईला ती तोंडपाठ होती.

त्या कोळ्याने सांगितलेला हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. म्हणजे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून जाण्यापूर्वी छापील वेळा पाहाव्यात किंवा तेथल्या माणसाला विचारावे. पण बेत आखण्यापुरता हा हिशेब पुरेसा आहे.

याचे कारण चंद्र. तो रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून त्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. मोठ्या उधाणात हा चढउतार 4 मीटरांच्या पुढे जातो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी पडते आणि पाणी थोडेच हलते. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही किल्ल्याची वाट पुरती कोरडी होत नाही. तेव्हा किल्ला पाहायचा असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरावेत. ओहोटी सकाळच्या उन्हाआधी मिळते. कार्यालयाची सुटी कोणत्या वारी आहे ते आधी पाहतोच. त्याच्या शेजारी तिथी पाहावी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडून मरण पावले. चौदा घरांतली मुले सकाळी डबा घेऊन निघाली आणि परत आली नाहीत. समुद्राकाठी माणसे बुडतात त्यांत पोहता येणारीही असतात. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू काढीत आत ओढते. भरतीचे पाणी पुढून येते असे आपण समजतो. पण मधल्या सखल जागेतून ते पाठीमागे भरते आणि आपण उंचवट्यावर अडकतो. विहिरीत, नदीत पोहणाऱ्या आपल्या गावच्या मुलांना हे ठाऊक नसते. त्यांना अंगातल्या बळाचा भरवसा असतो, आणि घात तेथेच होतो.

म्हणून माझे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक मागणे आहे. सहल ठरली की आठवडाभर आधी फळ्यावर तिथी लिहा आणि भरती-ओहोटीच्या वेळा मुलांकडूनच काढून घ्या. पाऊणपटीचे उदाहरण चौथीचे मूलही करील. भूगोल, गणित आणि दिनदर्शिका यांचा एकत्र धडा होईल. किनाऱ्यावर गेल्यावर पहिली भेट तेथल्या कोळीबांधवाची घ्या. पाण्यात जायचे ते गुडघ्यापर्यंत, मोठ्या माणसांच्या कड्याच्या आत, आणि मुले मोजून. मोजणी पाण्यात जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा करा. घरच्या सहलीलाही हाच नियम. पाच माणसे असली तरी मोजावीत.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. तिनाला भरती, म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. आम्ही आठ वाजताच निघालो. ओल्या वाळूतून, शेवाळलेल्या खडकांमधून आई अनवाणी चालत किल्ल्यात गेली. संकष्टीचा उपास आणि समोर गणपती. तिच्या मनासारखे झाले. आतले पाणी तिने ओंजळीत घेऊन चाखले आणि म्हणाली, “एवढ्या खाऱ्यात हे गोड कसं राह्यलं रं?” दहाच्या आत आम्ही किनाऱ्यावर परत होतो. मागे वळून पाहिले तेव्हा आमची वाट पाण्याखाली जाऊ लागली होती.

तेव्हा मंडळी, समुद्राकाठी अवश्य जा. मुलांना न्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर जरूर न्या. मात्र निघण्यापूर्वी त्यांना एवढे विचारा, “आज तिथी कोणती?”